आईची किमो बदलली, औषधांची यादी तीच राहिली

हे लिहायचं लिहायचं म्हणून बरेच महिने राहिलं. आईची शेवटची किमो नोव्हेंबरात झाली, आता ती घरी आहे, केस यायला लागलेत, सकाळी अंगणात सडा टाकते, आणि मला आता कुठे शांतपणे बसून त्या सहा महिन्यांच्या पावत्या बघता आल्या. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात सगळ्या पावत्या. त्या बघताना एक गोष्ट डोक्यात बसली ती अशी, की कॅन्सरच्या मुख्य औषधावर आमचे जितके पैसे गेले त्याच्या बरोबरीने, काही आठवड्यांत तर जास्तच, सोबतच्या औषधांवर गेले. म्हणजे उलटीचं इंजेक्शन, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, अ‍ॅसिडिटीचं, ताकदीचं. त्यातलं काही अगदी गरजेचं होतं, त्याशिवाय आई हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाली असती. आणि काही अजिबात गरजेचं नव्हतं. दोन्ही एकाच कागदावर, एकाच अक्षरात लिहिलेलं असायचं त्यामुळे आम्हाला काही कळायचंच नाही.

आमचं गाव तासगावजवळ. द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला जूनमध्ये. ऑपरेशनच्या आधी किमो घ्यायची ठरलं, आधी चार वेळा ते लाल औषध आणि त्याबरोबर दुसरं एक, ह्या जोडीला एसी म्हणतात, दर दोन आठवड्यांनी, आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला असे बारा आठवडे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी आईची सेवा मनापासून केली आणि माझं भांडण कुणा एकाशी नाहीये.

लाल किमोच्या दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन असायचं, पेगफिलग्रास्टिम. बॉक्सवर छापील किंमत साडेआठ हजार. बाबांनी तो बॉक्स हातात घेऊन दोनतीनदा उलटसुलट केला होता मला आठवतं. हे इंजेक्शन अस्थिमज्जेला, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाला, ढोसून पांढऱ्या पेशी लवकर तयार करायला लावतं. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी सगळ्यात खाली जातात आणि तेव्हा साधा जंतू पण जिवावर बेतू शकतो. एसी जेव्हा दोन दोन आठवड्यांनी देतात तेव्हा पेशींना सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे हे इंजेक्शन लागतंच. आईला त्याने कंबर आणि मांडीची हाडं इतकी दुखायची की रात्रभर कूस बदलायची. तरी ते चारही वेळा घेतलं आणि घ्यायलाच पाहिजे होतं, त्या साडेआठ हजारांबद्दल माझी काही तक्रार नाही. (किंमत मात्र नंतर कळली, तेच औषध दुसऱ्या कंपनीचं सांगलीत एका मेडिकलमध्ये पावणेतीन हजाराला मिळालं. तो विषय वेगळा, पण येईनच त्यावर.)

तर सप्टेंबरात पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. आदल्या दिवशी डे-केअरमधून, म्हणजे जिथे किमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तिथून, चिठ्ठी मिळाली काय काय आणायचं त्याची, छापील शीट, त्यावर टिकमार्क. मी नेहमीप्रमाणे मेडिकलमध्ये दिली, सगळं घेतलं, पैसे दिले. फोसाप्रेपिटंट आणि पॅलोनोसेट्रॉन ही उलटीची, डेक्सा हे स्टेरॉइड, पॅन्टोप्राझोल अ‍ॅसिडिटीचं आणि किमोनंतर तीन दिवस रोज एक फिलग्रास्टिम, म्हणजे पेशी वाढवायचंच इंजेक्शन, जे गावातल्या डॉक्टरांकडून टोचून घ्यायचं. एका आठवड्याचा हिशोब सांगते, फोसाप्रेपिटंट २,४००, पॅलोनोसेट्रॉन ५००, फिलग्रास्टिम तीन मिळून २,७००. झाले ५,६००. आणि मुख्य औषध पॅक्लिटॅक्सेल त्याच्यापेक्षा स्वस्त होतं! असे तीन आठवडे आम्ही घेतले. १६,८०० रुपये. बाराही आठवडे घेतलं असतं तर ६७,२०० झाले असते. ह्याच्या थोडं आधी बाबांनी कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा काढला, दिवाळीला भाव चढतो हे त्यांना चांगलं माहिती असून ऑगस्टमध्येच सौद्याला लावला, कारण हातात रोख पाहिजे होती. ते मला अजून लागतं.

चौथ्या आठवड्यात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट, आला. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ११००. तिथल्या ज्युनियर डॉक्टरने रिपोर्ट बघून सांगितलं, पेशी कमी आहेत, आज किमो नको, फिलग्रास्टिम पाच दिवस घ्या आणि पुढच्या आठवड्यात या. आईला ताप नाही, खोकला नाही, काही नाही, सकाळी घरून दोन भाकरी खाऊन निघालेली. पण "पेशी कमी" हा शब्द ऐकला की माणसाचे पायच गळतात. मी मेडिकलच्या रांगेत उभी राहिले आणि तिथून माझ्या मावसबहिणीला फोन केला. ती पुण्यात एका कॅन्सर डे-केअरमध्ये सिस्टर आहे. तिने एवढंच विचारलं, "मावशीला आता कुठली किमो चालू आहे?" म्हटलं पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं मग फिलग्रास्टिम कशाला? आणि फोसाप्रेपिटंट? ते एसीचं आहे. तू रांगेतून बाहेर ये आणि मोठ्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय काही घेऊ नको."

मोठे डॉक्टर दुपारी दोनला भेटले. मी अगदी सरळ विचारलं, भांडायला गेले नव्हते, मलाच भीती वाटत होती की प्रश्न विचारला म्हणून आईकडे दुर्लक्ष तर करणार नाहीत ना. म्हटलं, सर, ही औषधं ह्या किमोसाठी आहेत का आधीच्या? त्यांनी शीट हातात घेतली, बघितली, आणि पेनाने तीन ओळींवर काट मारली. "ही एसीची शीट पुढे चालू राहिली," असं म्हणाले. ११०० वर किमो देता येते, हजाराच्या वर आहे, ताप नाहीये, आजच देऊ. आणि आईला म्हणाले, "मावशी, इंजेक्शन नको आता, थर्मामीटर ठेवा फक्त." आईने विचारलं, "आणि पेशी?" तर म्हणाले, "त्या येतात आपल्या आपण."

बस. एवढंच होतं. कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, मी पुन्हा पुन्हा विचार केलाय त्यावर. किमो बदलली आणि कागद बदलला नाही. रोज साठसत्तर पेशंट, हातात छापील शीट, आधीच्या वेळची टिक बघून पुन्हा टिक. ज्युनियर डॉक्टरला भीती की इंजेक्शन लिहिलं नाही आणि काही झालं तर? आम्हाला भीती की घेतलं नाही आणि काही झालं तर? आणि हॉस्पिटलचं स्वतःचं मेडिकल असतं तिथे कुणी खप कमी करायला बसलेलं नसतं हेही खरंच. पण भीतीचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

त्यानंतर मी वाचायला लागले. मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही, पण वाचता येतं. आणि हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे हे बघून मला धक्का बसला. अमेरिकेतली कॅन्सर डॉक्टरांची संघटना आहे, अ‍ॅस्को, त्यांनी २०१२ साली पाच गोष्टींची यादी काढली की ह्या करू नका, त्यातली एक हीच. ज्या किमोमुळे पेशी घसरून ताप येण्याचा धोका २० टक्क्यांपेक्षा कमी आहे तिथे पेशी वाढवायचं इंजेक्शन आधीपासून सरसकट देऊ नका. २० च्या वर असेल तर द्या, १० ते २० असेल तर माणूस बघा, वय किती, किडनी लिव्हर कसं, आधी असा ताप येऊन गेलाय का. १० च्या खाली असेल तर नको. २०१३ च्या यादीत उलटीच्या औषधांचं पण आलं, की कमी किंवा मध्यम उलटी करणाऱ्या किमोला जोरदार उलटी करणाऱ्या किमोची औषधं लावू नका. आणि काउंट कमी पण ताप नाही अशा पेशंटना हे इंजेक्शन देऊन काय होतं यावर तर १९९७ सालीच अभ्यास छापून आलाय, रिपोर्टमधला आकडा लवकर वर येतो, पण हॉस्पिटलात भरती होणं वगैरे त्याने काही कमी होत नाही. म्हणजे औषध रिपोर्टला दिलं, माणसाला नाही. आपल्याकडे पण नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या गटाच्या, पुढाकाराने २०१९ मध्ये भारतासाठी अशीच दहा गोष्टींची यादी निघाली, कॅन्सरच्या उपचारात काय टाळायचं त्याची.

बाबांना हे टक्के वगैरे समजावताना मला शब्दच सापडत नव्हते. ऑक्टोबर होता, छाटणी होऊन बाग फुटलेली, रोज ढग, आणि बाबा पंप घेऊन डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या, फवारणीच्या तयारीत. मी बोलत होते आणि ते ऐकत ऐकत औषध कालवत होते. मग म्हणाले, "म्हंजे हवामान बघून फवारायचं. कवळी फूट आहे, पाऊस आहे, पानं ओली राहत्यात, तर आधीच मारावं लागतं, थांबलास तर बाग गेली. आणि ऊन पडलंय, पान कोरडं आहे, तरी शेजारच्यानं मारलं म्हणून मारायचं ते उगाच." मी म्हटलं बाबा हेच, अगदी हेच. एसी म्हणजे पोंग्यातली, कोवळ्या फुटीची बाग आणि वर पाऊस. आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल म्हणजे कोरडं हवामान. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं, कारण भीतीने मारलेल्या फवारणीचे पैसे त्यांनी आयुष्यभर मोजलेत.

पण एक गोष्ट नीट सांगते, नाहीतर कुणीतरी अर्धं वाचून औषधं बंद करेल. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी जे डेक्सा आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात ती उलटीसाठी नसतात, त्या औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून असतात, ती लागतात. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही. आपण घरी बसून ठरवायचं नाही कुठली ओळ कापायची. विचारायचं. आणि ताप. किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तर इंजेक्शन हवं का नको ही चर्चाच नाही, रात्रीचे दोन वाजलेले असू दे, सरळ हॉस्पिटल, कारण तिथे तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला लागतं. अंग दुखतं म्हणून पॅरासिटामॉल घ्यायच्या आधी ताप बघायचा, नाहीतर गोळीने ताप झाकला जातो. आमच्याकडे दीडशे रुपयांचा थर्मामीटर आईच्या उशाशी असायचा आणि वहीत सकाळ संध्याकाळ आकडे लिहिलेले आहेत, सगळे.

उलटीची गोष्ट राहिली. एसीच्या पहिल्या दोन किमोंना आईला फोसाप्रेपिटंट, पॅलोनोसेट्रॉन, डेक्सा, सगळं दिलेलं होतं आणि तरी तिसऱ्या दिवशी तिला भांड्यातल्या फोडणीचा वास पण सहन व्हायचा नाही, घरात चुलीपाशी कुणी कांदा कापला तरी उठून मोरीकडे पळायची. तिसऱ्या किमोला मोठ्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. ओलान्झापिन अडीच मिलिग्रॅम, रात्री एक, चार दिवस. काही रुपयांची गोळी. माझ्या भावाने नेटवर बघितलं आणि घाबरून फोन केला, ताई ही तर मानसिक आजाराची गोळी आहे, चुकून दिलीय का? चुकून नव्हती दिली. ती मेंदूत उलटीच्या बऱ्याच वाटा एकदम अडवते म्हणून जोरदार किमोला आता मुख्य औषधांमध्येच धरतात. आणि अडीच मिलिग्रॅमचा अभ्यास तर आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलचा आहे, २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी ह्या वैद्यकीय मासिकात आला. आधी बरेच ठिकाणी दहा मिलिग्रॅम द्यायचे, त्याने बऱ्याच जणांना दिवसा पण गुंगी यायची. टाटावाल्यांनी अडीच आणि दहा समोरासमोर लावून बघितले, उलटीवरचा परिणाम तेवढाच आणि गुंगी खूपच कमी. पाँडिचेरीच्या जिपमेर हॉस्पिटलने २०२३ मध्ये हीच अडीचची गोळी भूक लागण्यासाठी वापरून बघितली, जठर, लिव्हर, स्वादुपिंड, फुप्फुसाच्या पेशंटमध्ये, तर गोळी घेतलेल्यांत ६० टक्के लोकांचं वजन पाच टक्क्यांच्या वर वाढलं आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेतलेल्यांत फक्त ९ टक्क्यांचं. हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या देशातले डॉक्टर बसून स्वस्त गोळीवर एवढी मेहनत घेतात, तिच्यामागे कुठल्या कंपनीचा एमआर फिरत नाही म्हणून ती गावापर्यंत पोचायला उशीर होतो. आईने तिसऱ्या किमोनंतर चौथ्या दिवशी पिठलं भात मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

म्हणजे माझं म्हणणं पैसे वाचवा असं नाहीये. एसीला आईला एक औषध कमी पडत होतं आणि पॅक्लिटॅक्सेलला तीन जास्त होत होती.

डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर एक काकू असायच्या, त्यांचा कॅन्सर हाडात गेलेला, दर महिन्याला हाडं मजबूत ठेवायच्या औषधाची, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाईन. सोलापूरकडून यायच्या, एसटीने, मुलाची एक दिवसाची मजुरी बुडायची. त्यांच्या मुलाशी बोलता बोलता मी त्याला सांगितलं की डॉक्टरांना विचारून बघ तीन महिन्यांनी चालेल का. कारण २०१७ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला होता, १,८२२ पेशंट, दर चार आठवड्यांनी आणि दर बारा आठवड्यांनी अशी तुलना, दोन वर्षं बघितलं, हाड मोडणं वगैरे त्रास बारा आठवडेवाल्यांत काही जास्त नव्हता. डॉक्टर लगेच हो म्हणाले. वर्षाला तेरा फेऱ्यांच्या जागी चार पाच. औषधाचे पैसे एक वेळ बाजूला ठेवा, त्या बाईच्या शिरा, तो प्रवास, किडनीवरचा भार. (दात दाखवून घ्यायचे असतात त्या औषधाच्या आधी, जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो, हे पण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.)

नातेवाईकांचा एक वेगळाच दबाव असतो. आईचं हिमोग्लोबिन ९.४ वर आलं तर आत्याच्या मिस्टरांनी कुणाकडून तरी रक्त वाढवायच्या इंजेक्शनचं नाव आणलं, एरिथ्रोपोएटिन. डॉक्टर म्हणाले, आपण बरं करायच्या इराद्याने किमो देतोय, अशा वेळी ते द्यायचं नसतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि कॅन्सरवर पण वाईट परिणाम होण्याची भीती आहे. हे तर नुसतं महाग नाही, घातक ठरलं असतं, आणि आम्ही प्रेमापोटी आणून दिलं असतं. ताकदीच्या पिवळ्या सलाईन, प्रोटीनचे डबे, त्यावर फार लिहीत नाही. आईने एक डबा प्यायला, दुसरा तसाच पडून आहे. अंडी, दूध, मटकी, शेंगदाण्याचा कूट घालून भाज्या, ह्याच्यावर तिचं वजन टिकलं.

किमतीचं सांगते म्हटलं होतं. जे लागतंच ते पण स्वस्त मिळू शकतं. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या २३ हॉस्पिटलांनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली तर छापील किमतीच्या मानाने ८२ टक्के पैसे वाचले. ८२! म्हणजे बॉक्सवरचा आकडा हा आकडाच नाहीये खरं तर. आमच्यासारख्या माणसाने एवढं करावं, की औषधाचं मूळ नाव विचारून घ्यावं, ब्रँडचं नाही, आणि दोन तीन ठिकाणी भाव काढावा, फक्त थंड ठेवायची इंजेक्शनं असतील तर बर्फाच्या पिशवीतून आणावी. काही हॉस्पिटलं बाहेरचं औषध घेत नाहीत. तिथे आम्ही विनंती केली, एकदा मान्य झाली, एकदा नाही.

उरलेल्या नऊ आठवड्यांत आईने फिलग्रास्टिम घेतलं नाही, फोसाप्रेपिटंट घेतलं नाही. किमोच्या आधीचं डेक्सा, अ‍ॅलर्जीचं, आणि घरी उलटीच्या ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या लागल्या तर घ्यायला, त्यातल्या पण सहा सात उरल्या. एकदा काउंट ९०० आला तेव्हा किमो एक आठवडा पुढे गेली, पेशी आपल्या आपण वर आल्या. ताप एकदाही आला नाही. हाडं दुखायची थांबली, रात्री झोपायला लागली. ५०,४०० रुपये वाचले हे मी पावत्यांवरून काढलं, आणि ते ऑपरेशनला उपयोगी पडले.

मागच्या महिन्यात फॉलोअपला गेलो होतो. आईचा नंबर यायला वेळ होता म्हणून मी मेडिकलपाशी बाकड्यावर बसले होते. एक मुलगा आला, विशीतला असेल, हातात तीच छापील शीट, आणि मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता की अजून चार हजार टाक. मला राहवलं नाही. म्हटलं, दादा कोणाचं आहे? म्हणाला, आईचं. कुठली किमो चालू आहे? तो माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, ताई ते माहिती नाही, कॅन्सरची. मी म्हटलं, फाईल बघू. त्याने पिशवीतून फाईल काढली, आम्ही दोघांनी मिळून डॉक्टरांचं अक्षर लावलं, आणि मग त्याने काउंटरवरची शीट परत मागून घेतली आणि आत विचारायला गेला.